इशारा पातळी

परवा कोल्हापुरात एका छोट्या चर्चेला गेले होते. विषय असा: एचआयव्हीसह जगत पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसांची शरीरं पुढे कधी आणि किती खचतील, याचा अंदाज आधीच बांधावा का? दोन तासांत दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी मला वैताग आणला. एक तरुण डॉक्टर म्हणत होते, रक्ताच्या तपासण्यांचे आकडे संगणकात पडलेलेच आहेत, ते एखाद्या मॉडेलला घातले की पाच वर्षांनी कोण काठीवर येणार याची यादीच हातात येईल. समोर या कामात उभी हयात घालवलेले एक कार्यकर्ते बसले होते. ते म्हणाले, "या माणसांना आम्ही मरणाच्या दारातनं ओढून आणलंय. आता त्यांना म्हातारपणाची पत्रिका काढून देऊ नका." टाळ्या दोघांनाही पडल्या. भाकीत म्हणजे ज्योतिष, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. एकाला ते हवं होतं, दुसऱ्याला नको होतं, एवढंच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणूस खुर्चीतून कसा उठतो हे बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकते. अंदाज बांधायला हवा, आणि उद्यावर न टाकता बांधायला हवा. त्याला लागणारं सामान म्हणजे एक बिनहाताची खुर्ची, चार मीटर मोकळी फरशी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ; माणसाला खुर्चीतून उठायला आणि तेवढं चालायला किती वेळ लागतो, ते बघायचं. अट एकच, पण ती कडक आहे: अंदाज वाईट निघाला तर कोणी काय करायचं, हे लिहून ठेवल्याशिवाय एकाही माणसाला त्या खुर्चीवर बसवू नये.

कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. जुलै उजाडला की इथे सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ३९ च्या आसपास पाणी आलं की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची बोलणी सुरू होतात, सुतार मळ्यातली घरं गाद्या माळ्यावर टाकू लागतात. पाऊस थांबवणं कोणाच्या हातात नाही, मग बंधाऱ्यावरची पाणी मोजायची पट्टी कशाला वाचायची, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पट्टीला उद्याचं काही कळत नसतं. पाणी आत्ता कुठे आहे आणि काल कुठे होतं, एवढंच ती सांगते. मधल्या चार फुटांत काय करायचं ते आपण आधीच ठरवलेलं असतं. अंदाज या शब्दाचा मी इतकाच अर्थ घेते.

आता हा प्रश्न आजच का उभा राहिला ते बघा. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. सरकारी मोफत उपचार सुरू झाले १ एप्रिल २००४ ला. मधली अठरा वर्षं या आजाराचा माणूस म्हातारा होण्याचा प्रश्नच नव्हता. जगला तरी पुष्कळ. २००४ मध्ये पस्तिशीत असलेला आणि गोळ्या वेळेवर घेत आलेला माणूस आज पन्नाशी केव्हाच ओलांडून गेलाय. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि राज्यांमध्ये सर्वात मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे, म्हणजे हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. शिवाय या पिढीच्या शरीराने दुहेरी मार खाल्लेला आहे. सुरुवातीच्या काळात सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, साधारण २०० च्या खाली घसरल्यावरच गोळ्या सुरू होत. सापडला की लगेच उपचार, हे धोरण यायला २०१७ उजाडलं. तोवर विषाणू वर्षानुवर्षं आत धुमसत होता. आणि पहिली औषधं तरी कसली? स्टॅव्हुडीनने माणसं वाचवली यात शंका नाही, पण तिने गालफडं बसवली आणि पायांना कायमच्या मुंग्या लावल्या. अशा पायांनी माणूस अंधारात न्हाणीघरात जातो तेव्हा तळव्याखाली फरशी आहे की पाणी, हे त्याला कळत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका यंत्रमाग कामगाराचं सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. वय छप्पन. मांडीच्या खुब्याचं हाड मोडल्यावर, शस्त्रक्रिया होऊन आला होता. पडला कुठे? घरातच, मोरीच्या कडेला. त्याची एचआयव्ही उपचारांची हिरवी पुस्तिका मी चाळली. प्रत्येक भेटीची नोंद, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या जागी 'सापडला नाही', वजन तर वाढलेलं. पुस्तिकेवरून माणूस ठणठणीत. मग मी त्याच्या बायकोला विचारलं, आधी काही जाणवत होतं का? ती म्हणाली, "दोन वर्षं झाली बघा, पाटावर बसायचं सोडलंय. पलंगावरच ताट न्यायला लागतं. लग्नाकार्यातबी पंगतीला बसत नाहीत, उभ्यानंच खाऊन येतात." म्हणजे घराला दोन वर्षं आधी कळलं होतं. कळलं नव्हतं ते पुस्तिकेला, कारण तिच्यात तसा रकानाच नाही. वजनाचा रकाना आहे, आणि त्यानेच फसवलं. सध्याच्या गोळ्यांमधल्या डोल्युटेग्राव्हिरने अनेकांचं वजन वाढतं हे आता पुरेसं माहीत झालंय. पण काट्याला चरबी आणि मांस यांतला फरक कळत नाही. मांडीचा स्नायू उतरत असताना पोट सुटत असेल तर काटा आनंदाची बातमी देतो.

विषाणू दबलेला असताना शरीर का खचतं, यावर बरंच संशोधन झालंय. थोडक्यात सांगायचं तर आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा नाश होतो, तिथली भिंत पुढे कायम थोडी झिरपती राहते आणि मंद सूज शरीरात वर्षानुवर्षं चालू राहते. वाळवी मारली तरी तुळईतली पोकळी भरून येत नाही, तसं. अमेरिकेत १९८४ पासून चालू असलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं की एचआयव्ही असलेल्या ५५ वर्षांच्या पुरुषांत खचलेपणाची लक्षणं जितक्या प्रमाणात होती, तितकी ती एचआयव्ही नसलेल्या पुरुषांत पासष्टीनंतर दिसत होती. तो काळ जुन्या औषधांचा, म्हणून दहा वर्षांचा आकडा आज जसाच्या तसा धरू नये. पण आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेली बरीच माणसं त्याच जुन्या औषधांची आहेत, हेही विसरू नये. पन्नाशीला म्हातारं म्हणण्याबद्दल चर्चेत एक बाई चिडल्या होत्या. मी स्वतः एकोणपन्नासची असल्यामुळे माझी त्यांना पूर्ण सहानुभूती आहे.

आता विरोधकांचं सर्वात बळकट म्हणणं घेते, कारण चर्चेत त्याला कोणी नीट उत्तर दिलं नाही. ते म्हणतात, या आजाराच्या इतिहासात आधी ओळखणं म्हणजे आधी वेगळं काढणं, असाच अर्थ झालेला आहे. खरं आहे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाने रक्तदान केलं, रक्तात एचआयव्ही सापडला, आणि पोलिसांनी त्याला उचलून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. गुन्हा काहीच नव्हता. फक्त एक तपासणी आणि तिच्यामागे उभा असलेला कायदा. हे पाहिलेल्या पिढीने नव्या यादीला घाबरू नये तर काय करावं? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गुप्तता यांना हक्काचं स्थान दिलं, पण कायद्याचं पुस्तक आणि ओपीडीच्या दारात मोठ्याने पुकारलं जाणारं नाव यांत किती अंतर असतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'लवकरच खचणार' अशा शंभर नावांची यादी उद्या साखर कारखान्याच्या किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या मालकाच्या हाती लागली, तर पहिली कुऱ्हाड कोणावर पडेल?

ही भीती मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच मी यादीच्या विरोधात आहे आणि पट्टीच्या बाजूने. बंधाऱ्याची पट्टी सगळ्यांना एकच असते. शुक्रवार पेठेला वेगळी आणि ताराबाई पार्काला वेगळी अशी नसते. तसंच खुर्चीतून पाच वेळा उठायची चाचणी सरकारी दवाखान्यात पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला द्या, मधुमेहवाल्याला, दमेकऱ्याला, गुडघे धरून आलेल्या आजीलाही. मग ती दिल्याने कोणाच्याच कपाळावर शिक्का बसत नाही. एचआयव्ही असलेल्याचा आकडा त्याच्याच पुस्तिकेत, त्याच्याच पिशवीत राहू दे. लपवायची गोष्ट आहे म्हणून मोजूच नका, हा तोडगा मला पटत नाही. त्याची किंमत त्या यंत्रमाग कामगाराने मोजली, चर्चेत बसलेल्या कोणी नाही.

दुसरा आक्षेप वरवर शहाणपणाचा वाटतो. खचण्यावर औषध नाही, मग कळून उपयोग काय? हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. तो वाढत असलेला डॉक्टरांना दिसत नव्हता असं नाही. पण वय झालं की दाब वाढायचाच, शरीराला त्याची गरजच असते, असं तेव्हा अनेक शहाणी माणसं मानत. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ माणसांचा दाब, वजन, सवयी टिपायला सुरुवात झाली. तेव्हा हाताशी धड गोळी नव्हती. वाढलेला दाब पुढचा झटका आधी सांगतो हे सिद्ध होत गेलं, आणि गोळ्यांनी तो झटका टळतो याचा पक्का पुरावा १९६७ मध्ये आला. आधी मोजलं म्हणून पुढे औषधाची निकड कोणाच्या तरी ध्यानात आली. तेव्हा 'औषध नाही, मोजता कशाला' म्हणून गाशा गुंडाळला असता, तर आपल्या निम्म्या घरांत सकाळी चहाबरोबर घेतली जाणारी ती छोटी गोळी आली असती का?

आणि इथे तर औषध नाही हेही खरं नाही. गोळी नाही, एवढंच खरं. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीतल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. २०१४ मध्ये सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे अजून चालते-फिरते होते, पण अशाच खुर्चीच्या आणि चालण्याच्या चाचण्यांत कमी पडलेले. नुसती आरोग्यव्याख्यानं ऐकणाऱ्या गटात शंभरांतले पस्तीस-छत्तीस जण पुढे ४०० मीटर चालू शकेनासे झाले. नेमाने चालणं आणि पायांचा व्यायाम करणाऱ्या गटात तीस. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. ही माणसं एचआयव्हीची नव्हती, हा मुद्दा कोणी काढेल तर तोही रास्त आहे. एचआयव्ही असलेल्यांवर झालेल्या व्यायामाच्या अभ्यासांत मात्र ताकद वाढते आणि धोका नसतो, एवढं पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आणि खुर्चीतून उठ-बस म्हणजे तरी काय? बैठकच की! ज्या गावात गंगावेस आणि मोतीबाग तालमीत पोरं पहाटे शेकड्याने बैठका मारतात, जिथे वस्ताद पैलवानाच्या मांडीकडे बघून 'उतरलास रे' म्हणतो, तिथे पायांतला जोर मोजता येतो आणि वाढवताही येतो हे मला बॉस्टनचा दाखला देऊन पटवावं लागावं, याची गंमत वाटते.

आजार बरा झाला म्हणजे शरीराचा हिशेब मिटला, या समजुतीने आपण आधीही एकदा हात पोळून घेतलेत. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आले. जंतू मरू लागले, नावं रजिस्टरमधून कमी होऊ लागली, आणि डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं देशाने जाहीर केलं. रजिस्टर कोरं झालं, पण नसा मेलेले पाय तसेच होते. चटका कळत नव्हता, जखमा चिघळत होत्या, बोटं झडत होती, आणि कागदावर तो माणूस 'रोगमुक्त' होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही 'कुष्ठरोगमुक्त' हा प्रकार घालावा लागला. म्हणजे बरा झालेला माणूस दिव्यांग असू शकतो, हे कायद्याला मान्य करावं लागलं. पण याच रोगाच्या कामात एक फार शहाणी गोष्टही होती, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गावोगाव फिरणारा कुष्ठरोग कर्मचारी साध्या बॉलपेनच्या टोकाने तळहात-तळपाय तपासायचा, करंगळीला 'दाब बघू' म्हणून जोर अजमवायचा. मागच्या वेळेपेक्षा कमी भरला तर नस धोक्यात आहे असं समजून प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध सुरू व्हायचं आणि पुष्कळदा हात वाचायचा. एक पेन, मागच्या वेळची नोंद, आणि कमी भरलं तर काय करायचं याचा ठरलेला नियम. मला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रात, याहून जास्त काही नको आहे.

आता मॉडेलवाल्या तरुण डॉक्टरांकडे वळते, नाहीतर त्यांना वाटायचं की ही जुन्या वळणाची बाई यंत्रालाच घाबरते. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासातून एक निर्देशांक तयार झाला. वय, सीडी फोर, व्हायरल लोड यांच्या जोडीला हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड यांच्या साध्या तपासण्या धरून तो मृत्यूचा धोका चांगला सांगतो, नुसत्या सीडी फोरपेक्षा नक्कीच चांगला. २०२३ मध्ये ७,७६९ जणांच्या एका चाचणीने आणखी डोळे उघडले: नेहमीच्या गणिताने ज्यांना हृदयविकाराचा धोका फारसा नाही असं म्हटलं असतं, त्या एचआयव्ही असलेल्या माणसांना रोज पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिल्यावर हृदयाचे मोठे आघात ३५ टक्क्यांनी घटले. म्हणजे सर्वसाधारण लोकांसाठीचं गणित या लोकांचा धोका कमी दाखवत होतं. तेव्हा खास या लोकांसाठीचं गणित हवं, हे मी मान्य करते.

पण कोणत्या लोकांवरून बेतलेलं? माजी सैनिकांचा तो अभ्यास जवळपास संपूर्ण पुरुषांचा. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या शंभरांत चाळीसहून अधिक बाया आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी विधवा. खचलेपणाची जगभर वापरली जाणारी पाच लक्षणं २००१ मध्ये अमेरिकेत ठरली: नकळत घटलेलं वजन, थकवा, हाताची कमी पकड, मंद चाल, आणि कमी हालचाल. हालचाल मोजायला तिथे विचारलेले प्रश्न वाचून मी एकटीच हसले होते. हिरवळ कापता का? गोल्फ खेळता का? टेनिस? शिरोळकडच्या एखाद्या बाईला हे विचारा. ती सकाळी दुसऱ्याच्या उसात भांगलण करते, दुपारी डोक्यावर गवताचा भारा आणते, आणि त्या प्रश्नावलीच्या हिशेबाने बैठ्या आयुष्याची ठरते! उलट कामाने तिची मूठ इतकी घट्ट असते की पकड मोजायच्या यंत्रावर ती सहज पास होईल. बसून उठायला लावा, मग कळतं.

इथे आकड्यांचाही प्रश्न आहे. पाच उठ-बशांना आशियाई तज्ज्ञांनी १२ सेकंदांची रेघ आखली, जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक चाचणीत १४ धरते. कोणती खरी? रेघ नदीप्रमाणे बदलते, एवढंच मी म्हणेन. पंचगंगेला इशारा ३९ फुटांना, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेला ४० ला. धोका इथे ४३, तिथे ४५. कोल्हापूरची रेघ सांगलीला चालत नाही, तर अमेरिकेतल्या शहराची आपल्याला कशी चालावी? आपली रेघ आपल्याच माणसांवर काही वर्षं मोजून बसवावी लागेल. तोवर माणसाची तुलना त्याच्याशीच करावी. गेल्या दिवाळीत अकरा सेकंद लागले आणि या दिवाळीत पंधरा, तर कुठल्याही देशाच्या तज्ज्ञाला विचारायची गरज नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सत्तरी ओलांडलेल्या पण अजून कोणावर अवलंबून नसलेल्या १,१२२ लोकांचा तोल, चाल आणि खुर्चीतून उठणं एवढंच तपासलं होतं. सर्वात कमी गुण मिळालेल्यांना चार वर्षांत अपंगत्व येण्याचं प्रमाण सर्वात जास्त गुणवाल्यांच्या चौपटीहून अधिक निघालं. तीस वर्षं झाली, खुर्ची अजून स्वस्तच आहे.

खोट्या इशाऱ्यांचं काय? तेही होणार. गुडघे झिजलेली बाई सावकाश उठेल आणि तिच्या स्नायूंत काही बिघाड नसेल. तिला मी चार व्यायाम जास्तीचे शिकवले, दोन अंडी किंवा वाटीभर डाळ जास्त खा म्हटलं, तर तिचं नुकसान काय झालं? चुकीच्या इशाऱ्यावर शस्त्रक्रिया करायची असती तर मीही दहा वेळा विचार केला असता. खरी जपायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे बोलणं. 'तुम्ही खचणार' असं ऐकलेला माणूस पडायच्या भीतीने हलायचं सोडतो, आणि न हलल्यानेच खचतो. म्हणून मी माझ्याकडच्या मुलींना सांगते, फ्रेल-बिल, म्हणजे खचलेला वगैरे, काही म्हणायचं नाही. 'पायात जोर कमी पडतोय, तो आणता येतो', एवढं म्हणायचं. दोन्ही अर्धी वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही म्हणायची.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो मी सर्वात गंभीर मानते. केंद्रातले समुपदेशक कंत्राटी, रांगा दारापर्यंत, त्यात ही नवी खुर्ची कोण सांभाळणार? पण याच केंद्रांत दर भेटीला क्षयासाठी चार गोष्टी विचारल्या जातात, खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. तेही एकेकाळी नवंच काम होतं. ते टिकलं, कारण एकालाही 'हो' म्हटलं की पुढे कुठे पाठवायचं हे ठरलेलं होतं. आणि नीट चाललेल्या रुग्णांना आता बरेचदा तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. वर्षाला चार भेटी, त्यांतल्या एकीत पंधरा सेकंदांची चाचणी. अडचण त्या पंधरा सेकंदांनंतर सुरू होते. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळी ओपीडी आणि फिजिओथेरपी असावी असं त्यात लिहिलंय. पण त्याचं दार साठीला उघडतं. आपला माणूस पंचावन्नला पडतो. हा नियम बदलायला कोणतं मॉडेल लागतं? एचआयव्ही असलेल्यांना ते दार पन्नाशीला उघडं करा, आणि चाचणीत कमी भरलेल्याला त्याच दिवशी, त्याच आवारात, चिठ्ठीशिवाय तिथे जाता येऊ दे. तिथे कोणीतरी त्याच्या सगळ्या गोळ्या एकत्र बघाव्यात, तळव्यांची संवेदना बघावी, डोळे बघावेत, व्यायाम शिकवावा.

राधानगरी धरणाच्या दरवाजांचं मला म्हणूनच फार कौतुक आहे. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात. कोणाची सही लागत नाही, साहेब रजेवर असले तरी अडत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेत मोजमापांची कमतरता कधीच नव्हती; रजिस्टरं उघडून बघा, काय काय मोजून ठेवलंय. दार तेवढं नाही. म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, पट्टीला विरोध करण्यात शक्ती घालवू नका, ती दारासाठी लावा. 'पातळी ओलांडली की अमुक दिवसांत अमुक सेवा मिळेल' हे लेखी मागा, आणि मिळत नसेल तर त्या दिवशी खुशाल चाचणीवर बहिष्कार टाका. मी तुमच्या शेजारी बसेन. डॉक्टरसाहेबांना इतकंच, की तुमचं मॉडेल घेऊन जरूर या, पण आधी एक महिना आमच्या ओपीडीत सेकंद मोजा.

चर्चेनंतरच्या आठवड्यात मी माझ्या दवाखान्यात एक प्रश्न नव्याने विचारायला घेतला, त्या यंत्रमाग कामगाराच्या बायकोकडून शिकलेला. आजार कोणता ते बघत नाही, पन्नाशीपुढच्या सगळ्यांना विचारते: पाटावर बसून जेवता का अजून? पहिल्या दिवशी करवीर तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या, खांदा आखडला म्हणून. त्यांनाही विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची लाजच काढली.

"बसतो की," त्या म्हणाल्या. "न बसायला काय झालंय? उठायलाच तेवढी सून लागत्या."